कस्टमर केअरची टिंगल आणि दिल्लीहून आलेली नोटीस

प्रश्न : मिरजेत माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. एका मोठ्या ऑनलाइन कंपनीकडून मागवलेला मिक्सर बिघडलेला निघाला, पैसे परत मिळेनात. त्या वैतागात मी कंपनीच्या कस्टमर केअरशी झालेले खोटे विनोदी चॅट बनवून दुकानाच्या इन्स्टाग्राम पेजवर टाकू लागलो. त्यातले दोन व्हॉट्सॲपवर सगळीकडे फिरले. आता दिल्लीच्या वकिलाची नोटीस आली आहे : सात दिवसांत सगळं काढा, लेखी माफी मागा, २५ लाख भरपाई द्या. विनोदासाठी अटक होते का?

उत्तर : नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. सात दिवस आणि २५ लाख हे त्या वकिलानं घातलेले आकडे आहेत. तरीही ती गल्ल्याखाली सरकवून गप्प बसू नका, उत्तर गेलंच पाहिजे. कुणी ‘६६ अ लागेल’ म्हणून घाबरवत असेल तर त्याला सांगा, माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ते कलम सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं.

तुम्ही पाठवलेले चारही चॅट वाचले. पहिल्यात कृष्णेचं पाणी गल्लीत शिरलंय आणि कस्टमर केअर म्हणतंय, ‘सर, पार्सल वाहत येईल, ओटीपी तयार ठेवा.’ दुसऱ्यात सांगलीच्या मार्केट यार्डातल्या माणसाला कंपनी सांगलीचीच हळद दिल्लीमार्गे आठ दिवसांत पोचवते. हे उघड विडंबन आहे. शहाणा माणूस ते खरं धरणार नाही, आणि कायदा तेच बघतो. अशा थट्टेवरून खटला उभा करणं कंपनीला जड जाईल.

तिसऱ्या चॅटमध्ये मात्र कंपनीचा माणूस म्हणतो, ‘परत आलेला माल आम्ही पुसून नवा म्हणून विकतो.’ यात विनोद कुठे आहे? हा सरळ आरोप आहे आणि तो तुम्ही कंपनीच्याच तोंडी घातलाय. अब्रुनुकसानी कंपनीचीही होऊ शकते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. पण गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. पोलीस वॉरंटशिवाय उचलून नेत नाहीत, कंपनीला स्वतः मॅजिस्ट्रेटकडे फिर्याद करावी लागते आणि दखल घेण्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घेणं आता बंधनकारक आहे.

मला जास्त काळजी तुम्ही हे खोटे चॅट ज्यात बनवता त्या ॲपची वाटते. लोगो, निळ्या टिका, वेळ सगळं हुबेहूब आणि ‘हे काल्पनिक आहे’ ही ओळ फक्त खालच्या कॅप्शनमध्ये. स्क्रीनशॉट फिरला की कॅप्शन तुमच्या पेजवरच राहतं. मग समोरचा वकील म्हणणार, हा विनोद नाही, बनावट इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज आहे. प्रतिष्ठेला धक्का लावण्यासाठी केलेल्या बनावटीला कलम ३३६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे आणि तो गुन्हा दखलपात्र आहे. लोकांनी ते खरं मानावं हा तुमचा हेतू नव्हता, हा तुमचा बचाव. पण तो चित्रातच दिसायला हवा.

चौथा चॅट आजच्या आज काढा. त्यात ‘रिफंडसाठी या नंबरवर फोन करा’ असं लिहून तुम्ही मनानं दहा आकडे टाकलेत. ते आकडे कुणाचा तरी खरा नंबर असू शकतात. शिवाय खोटा कस्टमर केअर नंबर पसरवणं ही तर ऑनलाइन भामट्यांची नेहमीची रीत. तो फॉरवर्ड वाचून कुणी फसला तर पोलीस माग काढत पहिल्यांदा तुमच्याच दुकानात येतील. फिरले ते तिसरा आणि चौथाच, हळदीचा कुणी पुढे ढकलला नाही, याचं मला नवल वाटत नाही.

लोगोबद्दल. २०११ साली दिल्ली उच्च न्यायालयात टाटा सन्स विरुद्ध ग्रीनपीस (पर्यावरणासाठी काम करणारी संस्था) हा वाद आला होता. ओडिशातल्या धामरा बंदरामुळे ऑलिव्ह रिडले कासवांना धोका आहे, म्हणून ग्रीनपीसनं टाटांचं चिन्ह वापरून एक ऑनलाइन खेळ काढला होता. टाटांनी मनाई आणि १० कोटींची भरपाई मागितली. टीका आणि विडंबनासाठी चिन्ह वापरलंय, असं बघून न्यायालयानं अंतरिम मनाई नाकारली. हा निकाल आपल्या उत्तरात येईल, पण एक अडचण आहे. ग्रीनपीस काही विकत नव्हती. तुमच्या प्रत्येक चॅटखाली दुकानाचं नाव, फोन आणि ‘स्क्रीन बदलून मिळेल’ आहे. दुसऱ्याचं चिन्ह धंद्यासाठी वापरलं, असं म्हणायला त्यांना तिथं जागा मिळते. ती जाहिरात काढा, लोगोही काढा. कंपनीला एखादं गमतीदार बनावट नाव द्या, लोकांना कळायचं ते कळतंच.

काढण्यापूर्वी सगळ्या पोस्ट तारखेसह जपून ठेवा, ॲपमधल्या मूळ फायलींसकट. माफीनामा त्यांच्या मसुद्यावर सही करून देऊ नका. तिसरा आणि चौथा चॅट काढल्याचं, गैरसमज झाला असल्यास खेद असल्याचं आणि भरपाईची मागणी अमान्य असल्याचं वकिलामार्फत कळवा. आणि कृपा करून या नोटिशीवर नवा चॅट बनवू नका. मोह होईल, मला ठाऊक आहे.

राहता राहिला मिक्सर. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तिथं काम झालं नाही तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. ग्राहक राहतो तिथं दावा लावता येतो, त्यामुळे यावेळी दिल्लीहून त्यांना यावं लागेल. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, मुदत दोन वर्षांची. त्यासाठी बिल आणि कस्टमर केअरशी झालेला खरा चॅट लागेल, तो डिलीट केला नसेल अशी आशा आहे.