जुलैत विद्यापीठाच्या संग्रहालयात चित्रं लावताय? आधी भिंत बघा

प्रश्न असा आहे : बेळगावजवळच्या विद्यापीठाच्या संग्रहालयात जुलैत समकालीन कलेचं प्रदर्शन उघडायचंय, निम्मी कामं कागदावरची, दोन व्हिडिओ, मांडणी विषयानुसार करावी की कलाकारानुसार? माझं मत, दोन्ही नंतर. आपल्याकडच्या पावसात कुठलं काम कुठे लागणार हे भिंत ठरवते.

पश्चिम आणि नैऋत्येकडच्या बाहेरच्या भिंतींवर पावसाचा मारा बसतो. भिंत जांभ्याची असेल तर ती पाणी पिते आणि आतल्या गिलाव्याला पोपडे धरतात. तिथे कागद, फोटो, कापड नको. भाजलेल्या मातीची कामं चालतील. संशय असेल तर फूटभर प्लॅस्टिक चारी कडांना चिकटपट्टी लावून दोन दिवस भिंतीवर ठेवा. भिंतीकडच्या अंगाला दव आलं तर ओल भिंतीतून येतेय, खोलीकडच्या अंगाला आलं तर हवेतली आहे. कागदावरची कामं आतल्या आडभिंतींवर घ्या.

हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांवर टिकून राहिली की बुरशी धरते. ४५ ते ५५ उत्तम, पण इथल्या जुलैत ६० च्या आत एकसारखी राहिली तरी पुष्कळ. घात होतो तो दिवसा एसी, संध्याकाळी बंद या पद्धतीने. गार झालेल्या काचेवर रात्री दमट हवेचं दव बसतं, कागद रोज फुगतो, रोज आकसतो, आणि त्याला लाटा येतात. रात्रभर एसी परवडत नसेल तर खिडक्या बंद करून डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र) चालवा. त्याची टाकी भरली की तो आपोआप थांबतो, म्हणून ती सकाळ-संध्याकाळ रिकामी करायला माणूस नेमा. सिलिका जेलच्या पुड्यांचा उपयोग बंद शोकेसपुरताच. उघड्या हॉलात त्या निव्वळ समाधानासाठी. ओल्या छत्र्या दाराबाहेर.

फ्रेममध्ये कागद काचेला टेकता कामा नये, मधे माउंटची (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची) ३-४ मिमी जाडी हवी. खालच्या दोन्ही कोपऱ्यांना मागून रबरी बटणं लावा, म्हणजे भिंतीपासून सेंटीमीटरभर फट राहून हवा खेळते.

ड्रिल मारल्यावर नुसती भुकटी पडत राहिली तर त्या भिंतीत गिट्टी (स्क्रूसाठी भोकात ठोकायचा प्लग) धरणार नाही. लाकडी चौकटीवर १२ मिमी प्लाय ठोकून तात्पुरत्या आडभिंती उभ्या करा, भिंतीपासून तीनेक इंच सोडून. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ सेंमीवर. फ्रेम ८० सेंमी उंच असेल आणि ताणलेली तार वरच्या कडेखाली ६ सेंमीवर येत असेल, तर हूक १४५ + ४० − ६ = १७९ सेंमीवर. जड फ्रेमला तारेऐवजी दोन डी-रिंग (फ्रेमच्या मागे लावायच्या डी आकाराच्या कड्या) आणि दोन हूक. तारेवर ती तिरकी होतच राहते.

पुण्या-मुंबईहून आलेल्या पेट्या हॉलात २४ तास न उघडता ठेवा. उघडताना प्रत्येक कामाचे फोटो काढून असलेले डाग-चिरा नोंदवा आणि त्यावर सही घ्या, नाहीतर परत पाठवताना वाद ठरलेला.

कागदावर उजेड ५० लक्स (उजेड मोजायचं एकक), तैलरंगांना २०० पर्यंत.

लेबलं कन्नड, मराठी, इंग्रजी तिन्हींत लागतील. नुडी किंवा श्रीलिपी या टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरमधली फाइल तशीच छपाईला दिली की जोडाक्षरं फुटतात. अक्षरं आउटलाइन करून (म्हणजे फॉन्टऐवजी आकृतीत बदलून) पीडीएफ द्या, आणि कन्नड मजकूर कन्नड वाचणाऱ्याकडूनच तपासून घ्या.

व्हिडिओसाठी लॅपटॉप नको. वीज परत आली की आपणहून सुरू होऊन तोच व्हिडिओ फिरवत राहणारा मीडिया प्लेअर घ्या. दिव्याच्या प्रोजेक्टरला यूपीएस हवाच, कारण गरम दिवा पंखा न फिरता बंद पडला की लवकर जातो.