बहिणीला मर्जीविरुद्ध ॲडमिट केलंय, तिला घरी कसं आणू?

पुण्यात धायरीच्या एका ताईंनी लिहिलंय: धाकट्या बहिणीला, वय 38, भावाने सही करून 12 दिवसांपूर्वी एका खाजगी हॉस्पिटलात मानसोपचारासाठी ॲडमिट केलं, ती फोनवर "मला घरी ने" म्हणून रडते, डॉक्टर म्हणतात तिला समज नाही, आणि भावाचा नि तिचा फ्लॅटवरून वाद आहे.

ताई, पाच रात्री ती झोपली नव्हती, जेवत नव्हती, पहाटे हायवेवर एकटी चालताना सापडली, हे तुम्ही शेवटी घाईघाईत लिहिलंय, पण मी तिथेच थांबले. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 89 मध्ये मर्जीविरुद्ध ॲडमिट करायची जी कारणं आहेत त्यात स्वतःची काळजी घेता न येणं आणि त्यातून धोका होणं हेही आहे. म्हणजे तेव्हा ॲडमिट करणं बरोबर असूही शकतं. आज तिला तिथे ठेवणं बरोबर आहे का, भांडायचं ते यावर.

समज नाही हे नुसतं तोंडी सांगून चालत नाही. तिला माहिती कळते का, औषध घेतलं-नाही घेतलं तर काय होईल हे उमगतं का, आणि आपला निर्णय बोलून किंवा खुणेने सांगता येतो का, एवढंच बघायचं असतं. गोळ्या नको म्हणते, निर्णय आपल्याला चुकीचा वाटतो, म्हणून समज नाही असं धरता येत नाही, कलम 4 मध्ये स्पष्ट लिहिलंय. आणि झोप लागली, दोन घास पोटात गेले की माणूस सावरतो, म्हणून ही तपासणी दर सात दिवसांनी परत करायची असते. मागे एका केसमध्ये फाइल उघडली तर प्रत्येक आठवड्याला तेच वाक्य, खाली तारीख नाही, आणि त्या बाई समोर बसून मला सकाळची गोळी कुठली, रात्रीची कुठली सगळं सांगत होत्या. फार राग आला होता मला.

तर आधी फाइल मागा. दोघांनी, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य तज्ज्ञ किंवा डॉक्टर, वेगवेगळं तपासलं होतं का, आणि बाई पेशंट असल्याने तीन दिवसांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला, म्हणजे अशा ॲडमिशन तपासणाऱ्या मंडळाला, कळवलं होतं का बघा. मग मंडळाकडे अर्ज, फी नाही, ती स्वतः किंवा तिने नेमलेला प्रतिनिधी करू शकतो, अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश दर्जाचे असतात आणि अशा अर्जावर सात दिवसांत निकाल द्यायचा असतो. वकील परवडत नसेल तर शिवाजीनगर कोर्टात विधी सेवा प्राधिकरणात जा, मोफत मिळतो. 30 दिवसांपुढे ठेवायचं तर दोन मानसोपचारतज्ज्ञ आणि मंडळाची मंजुरी लागते.

फ्लॅटचं म्हणाल तर मानसिक आजार ठरला म्हणून कायद्याच्या दृष्टीने कोणी वेडं ठरत नाही, ते फक्त कोर्ट ठरवतं, त्यामुळे या ॲडमिशनच्या कागदावर भावाला तिचा हिस्सा विकता येणार नाही.

उद्या भेटायला जाल तेव्हा एक कोरा कागद न्या. भाऊ नातेवाईक म्हणून सही करतोय, तिने प्रतिनिधी म्हणून, म्हणजे उपचारांत तिच्या वतीने बोलणारी म्हणून, तुमचं नाव लिहून सही केली की तुमचा शब्द भावाच्या आधी. पण त्याआधी तिला विचारा, काल रात्री किती झोपलीस आणि आज काय खाल्लंस.