तुम्ही विचारा : कॉलेजात मतदार नोंदणी केली की ते राजकारण होतं का?

प्रश्न : सर, आमचा कॉलेजात वाचन-चर्चेचा एक छोटा ग्रुप आहे. यंदा ठरवलं की फर्स्ट आणि सेकंड इयरच्या पोरापोरींची मतदार नोंदणी करून घ्यायची. परवानगी मागायला गेलो तर प्राचार्य म्हणाले, कॅम्पसमध्ये राजकारण चालणार नाही. आमच्यातला एक जण एका पक्षाच्या विद्यार्थी संघटनेत आहे हे खरं, पण कॅम्पचा त्याच्याशी काही संबंध नाही. आमचं चुकतंय का?
– बीएस्सी द्वितीय वर्ष

उत्तर : नाही चुकत. मतदार नोंदणी हे पक्षाचं काम नाही, ते निवडणूक आयोगाचं काम आहे आणि आयोगच कॉलेजांच्या मागे लागलेला असतो की करा म्हणून. २०१८ पासून मतदार साक्षरता मंडळं आहेत, नोंदणीच्या प्रचारासाठी विद्यार्थ्यांतून कॅम्पस अँबॅसिडर नेमायची पद्धत आहे, तुमच्या कॉलेजातही कागदावर एखादं मंडळ असेलच, नोटीस बोर्डवर शोधा. प्राचार्य बहुतेक "निवडणूक" हा शब्द ऐकूनच दचकले असणार, आणि तसे ते एकटे नाहीत, महाराष्ट्रात नव्वदच्या दशकात हाणामाऱ्यांपायी कॉलेजच्या खुल्या निवडणुका बंद पडल्या, २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने त्या परत आणायचं ठरवलं तरी पुढे बरीच वर्षं नुसती पुढे ढकलाढकलच झाली, त्यामुळे कॉलेजवाल्यांच्या डोक्यात निवडणूक म्हणजे राडा हे पक्कं बसलंय.

म्हणून तोंडी विचारू नका. लेखी अर्ज द्या, त्यात लिहा की नोंदणीचा कॅम्प आहे, कोणत्याही पक्षाचं नाव-चिन्ह नसेल, आणि तहसील कार्यालयातल्या निवडणूक शाखेला प्रत पाठवतोय. ही शेवटची ओळ फार कामाची आहे. तिथून बीएलओ (मतदान केंद्राची यादी सांभाळणारा कर्मचारी) किंवा एखादा अधिकारी कॅम्पला आला तर प्राचार्यांची हरकत बहुतेक आपोआप विरघळते, शिवाय फॉर्म जागच्या जागी जमा होतात. नाहीतर तुम्ही शंभर फॉर्म भरून गठ्ठा घेऊन जाल आणि तो कोणी घेणार नाही, कारण एकाच माणसाने गठ्ठ्याने दिलेले अर्ज घेऊ नयेत असा आयोगाचा नियम आहे. सगळ्यात सोपं म्हणजे प्रत्येकाने आपल्या मोबाईलवर आपला अर्ज आपणच भरायचा, तुम्ही फक्त शेजारी बसून अडलं तर सांगायचं.

आता तुमचा तो मित्र. संघटनेत असणं हा काही गुन्हा नाही, घटनेनेच संघटना करायचा हक्क दिलाय, त्याला खुशाल बसू द्या टेबलावर. फक्त बिल्ला नको, उपरणं नको, "मत कुणाला देणार" हा प्रश्न तर नकोच. आणि मला खरी काळजी आहे ती यादीची. नोंदणी केलेल्यांची नावं आणि मोबाईल नंबर वहीत उतरवले जातात, मग ती वही हळूच कोणाच्या तरी ऑफिसात पोचते, आणि महिन्याभरात सगळ्यांना प्रचाराचे मेसेज यायला लागतात. तसं झालं की प्राचार्यांचं म्हणणं खरं ठरलं. त्यापेक्षा वही ठेवूच नका.

प्रश्न : मी हॉस्टेलला राहते, गाव दुसऱ्या जिल्ह्यात. नाव गावाकडे घालू की इथे? मैत्रीण म्हणते दोन्हीकडे घाल, जिथे जमेल तिथे मत दे.
– इंजिनिअरिंग, प्रथम वर्ष

उत्तर : मैत्रिणीचं अजिबात ऐकू नका. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १७ आणि १८ आहेत, दोन मतदारसंघात नाव चालत नाही आणि एकाच मतदारसंघात दोनदाही चालत नाही. अर्जात आपण सही करतो की माझं नाव दुसरीकडे नाही, ते खोटं निघालं तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

पण कुठे घालायचं ते तुम्ही ठरवायचं. शिकायला बाहेर राहणाऱ्यांना आईवडिलांच्या पत्त्यावर किंवा हॉस्टेलच्या पत्त्यावर, दोन्हीपैकी एक निवडता येतं. हॉस्टेलचा पत्ता द्यायचा तर कोर्स मान्यताप्राप्त आणि निदान एक वर्षाचा हवा, आणि फॉर्म ६ म्हणजे नवीन नाव नोंदवायच्या अर्जासोबत प्राचार्य, रजिस्ट्रार किंवा डीन यांच्या सहीचं बोनाफाईड जोडायचं. त्याचा नमुना आयोगाने ठरवलेला आहे, कॉलेज नेहमीचं फीसाठीचं बोनाफाईड देतं ते चालेल असं धरून बसू नका.

माझं मत विचाराल तर मतदानाला गावी जाणं खरंच जमणार असेल तर गावच ठेवा, ग्रामपंचायतीत चार-दोन मतांनी निकाल फिरतात. पण "जमेल की" असं नुसतं म्हणून नंतर परीक्षा आडवी येणार असेल तर चार वर्षं जिथे राहताय, जिथलं पाणी आणि रस्ते सोसताय, तिथे नाव असलेलं बरं. पुढे हॉस्टेल सोडलं की फॉर्म ८ भरून पत्ता बदला, नवीन फॉर्म ६ भरू नका, दुबार नावं अशीच तयार होतात.

अठरा पूर्ण नसतील तरी अर्ज करता येतो बरं का. अठरा पूर्ण झाले का हे बघायला आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात, सतरा पूर्ण झालेल्याला आधीच अर्ज करून ठेवता येतो. आणि आचारसंहिता लागेपर्यंत थांबू नका. स्थानिक निवडणुकांना विधानसभेची मतदार यादी एका ठरलेल्या तारखेची घेतात, मागे महापालिकांना १ जुलै २०२५ ची धरली होती, म्हणजे मतदानाच्या कितीतरी महिने आधीची.

प्रश्न : आमच्या कॉलेजात विधानसभेच्या उमेदवारांना बोलावून प्रश्नोत्तरं घ्यायची होती. संस्थेने सांगितलं लिंगडोह समितीने मनाई केलीय. खरं का?

उत्तर : लिंगडोह समितीचा इथे संबंधच नाही. तिच्या शिफारशी विद्यार्थी मंडळाच्या निवडणुकांपुरत्या आहेत, सुप्रीम कोर्टाने २२ सप्टेंबर २००६ ला त्या लागू केल्या. उमेदवाराचा खर्च पाच हजारांच्या आत, पक्षाचा पैसा घ्यायचा नाही, छापील पोस्टर नाही, हाताने केलेलंच आणि तेही ठरलेल्या जागी, हजेरी ७५ टक्के, बाहेरच्या माणसाने लुडबुड करायची नाही, असं ते सगळं.

तुमच्या कार्यक्रमाला लागतो आयोगाचा वेगळा नियम. आचारसंहितेच्या काळात शाळा-कॉलेजचं मैदान राजकीय सभेला द्यायचं तर शिकवण्यात अडथळा येता कामा नये, संस्थेची हरकत नको, प्रशासनाची आधी परवानगी हवी, आणि एकाच पक्षाने जागा अडवून धरायची नाही. म्हणजे संस्था नाही म्हणू शकते, तो तिचा अधिकार आहे, पण मग लिंगडोहच्या नावावर कशाला खपवायचं! तुम्ही सगळ्या उमेदवारांना एकसारखं लेखी आमंत्रण द्या, वेळ सारखा द्या, लेक्चर संपल्यावर ठेवा, आणि पुन्हा विचारा. एकाच उमेदवाराला बोलावणार असाल तर मात्र संस्थेचंच बरोबर आहे.

प्रश्न : मुलाच्या कॉलेजात एका ग्रुपने "नाव नोंदवा, टी-शर्ट मिळवा" केलंय. चालतं का?
– एक पालक

उत्तर : टी-शर्ट कोणाच्या पैशाने आलाय ते आधी विचारायला सांगा. पक्षाच्या किंवा इच्छुकाच्या पैशाने असेल तर मुलाने तो घेऊ नये आणि मोबाईल नंबरही देऊ नये. फॉर्म ६ ला फी नाही, मध्यस्थ लागत नाही, घरी बसून भरता येतो, अडलं तर १९५० या मतदार हेल्पलाईनला फोन करा.