'तरतूद' म्हणजे खर्च नव्हे

इंदूरच्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्या आपल्या महिला मंडळाच्या हस्तलिखित अंकासाठी केंद्राच्या २०२५-२६च्या बजेटवर टिपण लिहीत आहेत. माहिती घेतली हिंदी वर्तमानपत्रांतून, त्यामुळे 'रक्षा मंत्रालय के लिए ६.८१ लाख करोड़ का प्रावधान' हे मराठीत आणताना त्या अडल्या. 'प्रावधान' तसंच ठेवावं, 'तरतूद' लिहावं की सरळ 'खर्च'? शिवाय एक जोडप्रश्न: त्यांचे सासरे खटपट या अर्थी 'तरद्दुद' म्हणायचे, त्याचं तरतुदीशी काही नातं आहे का?

ताई, आधी जोडप्रश्नच घेतो, कारण बाकीचं उत्तर त्यातच आहे.

नातं आहे, आणि सख्खं आहे. मूळ अरबी शब्द 'तरद्दुद', आपल्याकडे तो फारसीतून आला. र-द-द या धातूचा अर्थ परत फिरणं, परत फिरवणं. तरद्दुद म्हणजे पुन्हा पुन्हा ये-जा करणं, येरझाऱ्या. त्या मनाने घातल्या तर काळजी आणि दुविधा, पायांनी घातल्या तर धावपळ. हिंदी-उर्दूने काळजी आणि झंझट ठेवली. मोगली महसुलाच्या भाषेत शेताच्या मशागतीलाही तरद्दुद म्हणत. मराठीने त्या धावपळीतून जे हाती येतं तेवढंच उचललं: वेळ येण्याआधी करून ठेवलेली व्यवस्था. तहान लागल्यावर विहीर खणायची नसेल तर जे आधी करावं लागतं, ती तरतूद. तुमच्या घरात सासऱ्यांच्या तोंडी एक रूप आणि तुमच्या लेखणीत दुसरं, असे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदले. हे भाग्य पुण्याच्या घराला सहसा लाभत नाही.

इथेच 'बेगमी' आठवते. पावसाळ्याची बेगमी म्हणजे डबे भरून झाले, माळ्यावर सरपण रचून झालं. तरतुदीत डबे अजून रिकामे असू शकतात. पैसे बाजूला काढलेत, एवढंच. कोठारात आलेला दारूगोळा ही बेगमी, त्यासाठी संसदेने मंजूर केलेली रक्कम ही तरतूद. आणि ती देऊन टाकली की मगच खर्च.

म्हणून 'सरकारने संरक्षणावर ६.८१ लाख कोटी खर्च केले' हे वाक्य चूक आहे. बजेटच्या कागदांत एकाच बाबीचे तीन आकडे तीन वेगळ्या वेळी येतात: अर्थसंकल्पीय अंदाज (बजेट मांडतानाचा, म्हणजे तरतूद), सुधारित अंदाज (वर्ष चालू असताना बदललेला) आणि प्रत्यक्ष खर्च (वर्ष संपल्यावरचा). मथळा नेहमी पहिल्याचा होतो. २०२४-२५ पाहा. सैन्यदलांच्या भांडवली खर्चासाठी, म्हणजे विमानं, जहाजं, तोफा यांच्यासाठी, १.७२ लाख कोटींची तरतूद होती. सुधारित अंदाजात ती सुमारे साडेबारा हजार कोटींनी उतरली. शस्त्रखरेदीत चाचण्या, भावाची बोलणी, करार, मग टप्प्याटप्प्याने पैसे असा लांबचा रस्ता असतो, आणि ३१ मार्चला न वापरलेली रक्कम परत जाते. त्याच वर्षी परराष्ट्र खात्याचं उलट झालं: तरतूद सुमारे २२,१५५ कोटी, सुधारित अंदाज सुमारे २५,२७७ कोटी. आपला 'रद्द' हा शब्दही त्याच र-द-द धातूचा आहे. तरतूद आणि रद्द एका कुळातले, हे कळल्यापासून मी बजेटची बातमी पहिल्या आकड्यावर थांबून वाचत नाही. सरकारचा अग्रक्रम कशाला होता हे तिसऱ्या आकड्यावरून ठरवावं, असं माझं ठाम मत आहे.

आता 'तरतूद' घरात आपण सर्वांत जास्त कशासाठी वापरतो? म्हातारपणाच्या तरतुदीसाठी. ६.८१ लाख कोटींमध्येही ती आहे. त्यातले सुमारे १.६१ लाख कोटी माजी सैनिकांच्या आणि त्यांच्या कुटुंबांच्या निवृत्तिवेतनाचे आहेत, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. इंदुरातून महू तासाभरावर. तिथे पायदळाचं इन्फन्ट्री स्कूल आहे, आर्मी वॉर कॉलेज आहे, आणि फौजेतून निवृत्त होऊन इथेच स्थायिक झालेली माणसं आपल्या शेजारात आहेत. 'संरक्षणाची तरतूद' म्हटलं की डोळ्यांपुढे फक्त रणगाडे येतात. तुमच्या टिपणात ही माणसंही यावीत. त्यांचं निवृत्तिवेतन हा देशाने दिलेला शब्द आहे, त्याला 'अनुत्पादक खर्च' म्हणणं मला पटत नाही.

परराष्ट्र खात्यासाठी त्याच धातूने आपल्याला 'रदबदली' दिली आहे. हिंदीत रद्दोबदल म्हणजे फेरफार, मराठीत रदबदली म्हणजे दुसऱ्यासाठी मध्ये पडून केलेलं बोलणं, मनधरणी. परदेशात अडकलेल्या मजुरासाठी आपला दूतावास जे करतो त्याला याहून नेमका शब्द मला माहीत नाही. त्या खात्याची २०२५-२६ची तरतूद सुमारे २०,५१७ कोटी. केंद्राचं एकूण बजेट ५०.६५ लाख कोटींचं, तेव्हा शंभर रुपयांतले साडेतेरा रुपये संरक्षणाला आणि चाळीस पैसे परराष्ट्र खात्याला. त्या चाळीस पैशांतच जगभरचे दूतावास, पासपोर्टचं काम आणि एकट्या भूतानला द्यायची २,१५० कोटींची मदत. मला हे कमी वाटतं, फार कमी. बोलण्याने टळलेलं युद्ध सगळ्यात स्वस्त पडतं.

राहिलं 'प्रावधान'. हिंदीत ते चोख आहे, मराठीत त्याची गरज नाही. कायद्यातल्या कलमांनाही आपण तरतुदीच म्हणतो. एक जागा मात्र सांभाळा: हिंदीतलं 'संरक्षण' म्हणजे आश्रय, पाठीशी घालणं, 'अपराधियों को संरक्षण' मधलं. मराठीत तोच शब्द रक्षा मंत्रालयाला लागतो. हिंदी वाचणाऱ्या मैत्रिणींसाठी पहिल्या वापराशी एक ओळ टाका. लिहिताना 'तरतूद' दीर्घ, पण 'तरतुदी', 'तरतुदीत', 'तरतुदीचा' ऱ्हस्व.

तर तुमचं वाक्य असं लिहा: '२०२५-२६ साठी केंद्राने संरक्षण खात्याकरिता ६.८१ लाख कोटी रुपयांची तरतूद केली आहे. त्यांतले किती प्रत्यक्ष खर्च झाले, हे अंतिम आकडे आल्यावर पाहू.' आणि ते आकडे आले की पुढच्या अंकात दुसरं टिपण नक्की लिहा.