स्वयंसेवक जमवण्याआधी चाचण्या जमवा

स्वयंसेवकांना घेऊन रिस्क-व्ही (प्रोसेसरच्या सूचनांचं खुलं मानक) वापरून खुला प्रोसेसर बनवायचा तुमचा उत्साह बघून बरं वाटलं. पण पहिल्याच दिवशी पाइपलाइन (अनेक सूचना टप्प्याटप्प्याने एकाच वेळी चालवणं), कॅश (जवळची वेगवान मेमरी) सगळं जाहीर करू नका. रिस्क-व्हीच्या आरव्ही३२आय या मूळ संचात ४० सूचना आहेत. तेवढ्या चालवणारा साधा कोअर (प्रोसेसरचा गाभा) आधी स्वतः उभा करा. रिकाम्या रेपोत (कोडच्या सामायिक साठ्यात) कुणी थांबत नाही.

सुरुवातीला एवढंच बघा:

- चाचण्या. येणारा प्रत्येक बदल व्हेरिलेटरवर (चिपचं डिझाइन संगणकावर चालवून बघायचं साधन) आपोआप तपासला गेलाच पाहिजे. रिस्क-व्हीच्या तयार चाचण्या खुल्या आहेत, त्या वापरा. आम्ही हे उशिरा केलं आणि कुणाच्या बदलाने शिफ्टची (बिट सरकवणारी) सूचना मोडली, ते शोधण्यात कितीतरी रविवार गेले.
- लायसन्स आधी ठरवा. नंतर बदलायचं तर सहसा प्रत्येकाची परवानगी मागत फिरावं लागतं. सर्न या युरोपीय संशोधन संस्थेचं ओएचएल (ओपन हार्डवेअर लायसन्स) हार्डवेअरसाठीच लिहिलंय.
- काम एका संध्याकाळी संपेल एवढंच द्या. 'एएलयू (गणित आणि तर्क करणारा भाग) लिही' नको. 'एसआरएसाठी (चिन्ह राखून बिट उजवीकडे सरकवणारी सूचना) ऋण संख्यांची चाचणी लिही' म्हणा.

आणि नवख्याचा पहिला बदल दोन दिवसांत तपासाच. आठवडाभर उत्तर नाही मिळालं, तर तो बहुधा परत येत नाही.

एफपीजीए (हवं तसं जोडता येणाऱ्या चिपवर डिझाइन चालवणं), टेपआउट (डिझाइन चिप बनवायला पाठवणं) यांवर नंतर बोलू. पहिली चाचणी पास झाली की कळवा.