विकलेली गाडी नावावर कोणाच्या?

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"मी ५३ वर्षांचा, तळेगाव दाभाडेत राहतो, कंपनीत सुपरवायझर आहे. २०२४ च्या धनत्रयोदशीला सात लाखांचं कर्ज काढून नवी गाडी घेतली, ११९७ सीसी. जुन्या वॅगन आरचा ५० टक्के एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सवलत, शोरूमवाल्याने नव्या गाडीला लावून दिला. यंदा ऑक्टोबरमध्ये ॲपवरून दुसऱ्या कंपनीची पॉलिसी घेतली, ₹१५,८१२. महिन्याभरात कंपनीचं पत्र आलं: एनसीबीची माहिती खोटी, पॉलिसी रद्द. आधी दोन ईमेल पाठवले होते म्हणे. मला वाटलं जाहिरात असेल. आता एजंट तीच पॉलिसी ₹२८,५७५ ला देतोय. एका वर्षात ऐंशी टक्के वाढ! अकरा वर्षं गाडी चालवतोय, कुठे साधा ओरखडा नाही. (जुनी गाडी त्याच दिवाळीनंतर कंपनीतल्या एकाच्या भाच्याला ₹२ लाख १० हजारांना दिली. ट्रान्सफरच्या टीटी फॉर्मवर सह्या केल्या, पाचशेच्या स्टॅम्पवर लिहूनही घेतलंय. ट्रान्सफर तो करणार होता. मार्चमध्ये त्याने बंपर ठोकला, पॉलिसी माझ्या नावावर म्हणून क्लेम फॉर्मवर मी सही केली, तेवढंच. ती पॉलिसी जूनमध्ये संपली. हल्ली तो चाकणला पहाटेच्या शिफ्टच्या मुलांची ने-आण करतो. चलनं माझ्या मोबाईलवर येतात.) आणि सरकारने विम्यावरचा जीएसटी काढला ना, मग हे अठरा टक्के कसले? माझा विचार: फक्त थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याच्या केलेल्या नुकसानीचा विमा, घ्यावी आणि वाचलेल्या पैशांची महिना ₹२,००० ची एसआयपी करावी. पंधरा वर्षांत वीस लाख होतात असं ॲप दाखवतं. योग्य आहे का?"

नाही. पण तुमच्या प्रश्नाचं पटकन उरकतो, कारण खरी भानगड तुम्ही कंसात लिहिली आहे.

फक्त थर्ड पार्टी घेण्याचा प्रश्नच येत नाही, कारण ती तुमच्याकडे आहे. सप्टेंबर २०१८ पासून नवी कार घेताना तीन वर्षांची थर्ड पार्टी एकदम घ्यावी लागते. तुमच्या सीसीला तिचे ₹१०,६४० अधिक कर, म्हणजे साडेबारा हजार, तुम्ही शोरूममध्येच भरलेत. ती ऑक्टोबर २०२७ पर्यंत चालू आहे, आणि ॲपवरची पॉलिसी रद्द झाली म्हणून तिला धक्का लागत नाही. जे नाही ते ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर. आणि ते नको म्हणायची मुभा तुम्हाला नाही, कारण गाडीवर बँकेचा बोजा आहे आणि कर्जाच्या करारात पूर्ण विम्याची अट असते. उद्या गाडी चेचली गेली तर भंगार तुमचं, हप्ते तुमचेच.

आता ती ऐंशी टक्के वाढ. दोन्ही कोटेशनं शेजारी ठेवली तर फरक ₹१२,७६३ चा. त्यातले ₹७,०८० गेलेल्या एनसीबीचे: ओन डॅमेज बारा हजार, त्याचा निम्मा सहा, वर कर. ₹४,०३१ थर्ड पार्टीचे, जी एजंट तुम्हाला दुसऱ्यांदा विकतोय. उरलेले ₹१,६५२ टायर कव्हर आणि चावी कव्हरचे, जे गेल्या पॉलिसीत नव्हतं आणि तुम्ही मागितलंही नव्हतं. बेरीज करून बघा, एक रुपयाही उरत नाही. गाड्यांचे विमे महाग होत नाहीत असं माझं म्हणणं नाही; बंपरमध्ये सेन्सर बसवल्यापासून साध्या धक्क्याचं बिल कुठल्या कुठे जातं आणि कंपन्या ते आपल्याकडूनच वसूल करतात. पण तुमच्या बाबतीत दरवाढ नाहीच. थर्ड पार्टीचे सरकारी दरही जून २०२२ चेच आहेत. ज्या एजंटने तीन वर्षांची थर्ड पार्टी समोर दिसत असताना चार हजारांची आणखी एक चिकटवली, त्याला परत फोन करू नका.

जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला तो वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा. कारच्या विम्यावर अठरा टक्के आहेच. आणि एसआयपी: महिना दोन हजार, पंधरा वर्षं, बारा टक्क्यांनी साधारण दहा लाख होतात. वीस लाख दिसायला ॲपमध्ये दर वर्षी वीस टक्क्यांच्या आसपास परतावा भरावा लागतो. पट्टी सरकवली की आकडा वाढतो, त्यात बाजाराचा काही संबंध नसतो.

आता कंसाकडे.

एनसीबी गाडीचा नसतो, माणसाचा असतो. गाडी विकताना जुन्या कंपनीकडून एनसीबी राखून ठेवल्याचं पत्र घ्यायचं, जुन्या गाडीची पॉलिसी एकतर बंद करायची किंवा तिच्यावरची सवलत काढून फरक भरायचा, आणि मग ते पत्र नव्या गाडीला लावायचं. तुम्ही पॉलिसी सवलतीसकट त्या मुलाच्या हातात दिलीत आणि तीच सवलत नव्या गाडीलाही घेतलीत. एकाच रेशनकार्डावर दोन दुकानांतून धान्य. शोरूमवाल्याला हे माहीत होतं. त्याला त्या दिवशी डिलिव्हरी उरकायची होती. पण घोषणापत्रावर सही तुमची आहे.

मग मार्च. "क्लेम फॉर्मवर मी सही केली, तेवढंच." हे तेवढंच फार महागात पडणारं आहे. विकून चार-पाच महिने झालेल्या गाडीचे मालक आपण आहोत असं तुम्ही कंपनीला लेखी सांगितलंत आणि तिच्याकडून पैसे घेववलेत. ओन डॅमेजचं कव्हर गाडीबरोबर आपोआप नव्या मालकाकडे जात नाही, त्यामुळे तो क्लेम ना तुमचा होता ना त्याचा. कंपन्या एनसीबीची खातरजमा एकमेकींकडे करतात. नव्या कंपनीने चौकशी केली आणि हे सगळं बाहेर आलं. त्यांनी दोनदा कळवलं, तुम्ही उघडलं नाहीत. पुण्यात विमा लोकपालांचं कार्यालय आहे, तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही. मी दर महिन्याला कोणाला तरी तिकडे पाठवतो. तुम्हाला पाठवणार नाही. फक्त भरलेल्या पैशांपैकी काही परत मिळतं का ते कंपनीला लेखी विचारा, फार आशा न ठेवता. आणि जुन्या कंपनीने बंपरचे पैसे परत मागितले तर भांडत बसू नका, भरून टाका.

इथवर पैशांचं नुकसान म्हणू. यापुढचं वाचून आज रात्री झोप लागली नाही तर माझा इलाज नाही.

ती वॅगन आर अजून तुमची आहे. स्टॅम्पपेपर काही म्हणो. मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी तो. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण होतं: गाडी तीन-चार हात फिरलेली, आरसी मात्र पहिल्याच माणसाच्या नावावर, अपघातात एक जीव गेलेला, गाडीचा विमा नाही. भरपाई आरसीवरच्या माणसाने द्यायची, असा निकाल लागला. त्याच्याकडेही विक्रीचे कागद होते. ते कागद दाखवून त्याने खरेदीदाराकडून वसूल करत बसावं, पण अपघातग्रस्ताने मालकांची साखळी शोधत हिंडायचं नाही.

तुमच्या गाडीचा विमा जूनमध्ये संपला. तुमच्या पत्रात त्याने नवा काढल्याचं कुठे नाही, आणि जो माणूस वर्षभर ट्रान्सफर करत नाही तो विमा भरत असेल असं मी धरून चालत नाही. म्हणजे सहा महिने एक बिनविम्याची गाडी तुमच्या नावावर रोज पहाटे चाकणच्या रस्त्यावर आहे. त्या रस्त्यावर त्या वेळी काय असतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत: कंटेनर, अर्धवट झोपेतली पोरं, सायकलवरचे रात्रपाळीवाले, अंधार.

हिशोब मांडू. अठ्ठावीस वर्षांचा कामगार, पगार पंचवीस हजार, घरी बायको, मूल आणि आई. वर्षाचे तीन लाख. पुढच्या वाढीचे चाळीस टक्के धरून चार लाख वीस हजार. त्यातला एक तृतीयांश त्याचा स्वतःचा खर्च म्हणून वजा, उरले दोन लाख ऐंशी हजार. त्या वयाला मोटार अपघात न्यायाधिकरण सतराने गुणतं. ₹४७ लाख ६० हजार. अंत्यविधी वगैरे किरकोळ रकमा आणि व्याज वेगळं. विमा असता तर ही रक्कम कंपनीने दिली असती. मृत्यू आणि दुखापतीच्या थर्ड पार्टी भरपाईला वरची मर्यादाच नाही. विमा नाही, म्हणून तुमचा फ्लॅट, तुमच्या एफड्या. तुम्ही मला महिना दोन हजारांच्या एसआयपीबद्दल विचारताय.

माझ्या वडिलांनी १९९९ मध्ये त्यांची बजाज एम-८० एका दूधवाल्याला विकली. फॉर्मवर सही, चहा, हात मिळवणं, झालं. चार वर्षांनी दोन हवालदार दारात: ती गाडी कुठल्याशा शेतात बेवारस सापडली होती, कॅनच्या कड्या अजून तशाच. काही निघालं नाही, पण वडील दीड महिना पोलीस ठाण्याच्या खेपा घालत होते आणि आई शेजाऱ्यांना "पेन्शनचं काम आहे" म्हणून सांगत होती. एम-८० होती म्हणून तेवढ्यावर भागलं.

तर आता. एमपरिवाहन ॲपवर गाडीचा नंबर टाका आणि विम्याची तारीख बघा. संपलेली असेल तर वॅगन आरची नुसती थर्ड पार्टी तुमच्या नावाने काढा. ९९८ सीसीला ₹२,०९४, करासकट ₹२,४७१. विकलेल्या गाडीचा विमा मी का भरू, असं तुम्हाला वाटेल. पैसे नंतर त्याच्याकडून मागा. पण हे एका रात्रीपुरतं छप्पर आहे, घर नव्हे. नुसती थर्ड पार्टी रस्त्यावरच्या माणसाला कामाची. गाडीत बसलेल्या मुलांचं त्यात काही नाही. शिवाय पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवणं हा पॉलिसीचा भंग, म्हणजे कंपनी पैसे देईलही, पण मग तुमच्याकडून वसूल करेल.

म्हणून गाडी थांबवा. त्या मुलाच्या मामासमोर त्याला बसवा आणि ट्रान्सफर होईपर्यंत चाव्या तुमच्याकडे ठेवायच्या हे सांगा. कंपनीतल्या माणसाला वाईट वाटेल. वाटू द्या. गाडी २०१४ च्या आसपासची असणार, म्हणजे तिला नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लागेल, कारसाठी ₹७४५ अधिक कर. ती नसेल तर आरटीओ ट्रान्सफरला हात लावत नाही. थकलेली चलनं भरून टाका, कोणाची चूक ते नंतर. मग दोघांनी मिळून पिंपरी-चिंचवडच्या आरटीओत २९ आणि ३० नंबरचे फॉर्म. विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचं असतं, तुम्ही वर्ष घालवलंत, थोडा दंड पडेल. तो आलाच नाही तर तुमच्या बाजूने गाडी विकल्याची लेखी सूचना आरटीओत द्या आणि पोच घ्या, त्याला पोचपावतीसह नोटीस पाठवा, पोलीस ठाण्यात अर्ज द्या, सोबत त्या दोन लाख दहा हजारांच्या व्यवहाराचा पुरावा जोडा. यातल्या कुठल्याच कागदाने तुमची जबाबदारी संपत नाही. ती आरसीवरचं नाव बदललं की संपते. आणि तोपर्यंत त्याने पुढे केलेल्या कुठल्याही कागदावर सही नको.

नव्या गाडीला आजच्या घडीला ओन डॅमेज नाही, तेव्हा या आठवड्यात फक्त ओन डॅमेजची स्वतंत्र पॉलिसी मागा. २०१९ पासून ती मिळते. खंड पडल्यामुळे गाडीची तपासणी होईल. जादा कव्हरांपैकी झिरो डेप (घसारा न कापता भरपाई), इंजिन, कन्झ्युमेबल (तेल, नटबोल्ट वगैरे) ठेवा, कर्ज आहे तोवर रिटर्न टू इनव्हॉइसही (गाडी पूर्ण गेली तर बिलाची रक्कम) राहू द्या, टायर आणि चावी काढा. शून्य एनसीबीने ₹२२,९०० च्या आसपास बसेल. पण नव्या गाडीवर वर्षभर क्लेम नाही, तेव्हा पहिल्या वर्षीच्या कंपनीला सवलतीचा फरक भरण्याची तयारी दाखवा आणि निदान वीस टक्क्यांचं पत्र मिळतं का बघा. मिळालं तर ₹२०,०००. जुनी मुदत २८ ऑक्टोबरला संपली असेल तर नव्वद दिवस २६ जानेवारीला भरतात, त्यानंतर तेही विसरा. आधीची पॉलिसी रद्द झाली का, असा रकाना फॉर्ममध्ये असेल तर "हो" लिहा. एजंट "नाही" लिहायला सांगेल.

एसआयपीचं पुढच्या पत्रात. हे तुम्ही वाचाल तेव्हा रविवार असेल, शिफ्ट नसते, गाडी त्याच्या दारात उभी असेल. आत्ताच जा.