खेळ आणि युद्ध : वाचायला कुठून लागायचं?

जुन्या इंग्रजी साहित्यात खेळ आणि युद्ध कसे एकत्र येतात हे बघायचं असेल, तर थेट समीक्षेत शिरू नकोस. आधी शेक्सपिअरच्या ‘हेन्री द फिफ्थ’ या नाटकाचा पहिला अंक वाच. फ्रान्सचा युवराज इंग्लंडचा राजा हेन्री याला डिवचायला टेनिसचे चेंडू धाडतो, आणि राजा बजावतो की या थट्टेने चेंडूंचे तोफगोळे झालेत. ते भाषण मोठ्याने वाच. डावाच्या भाषेत सुरू होऊन ते बघता बघता हजारो विधवांपर्यंत जातं. हे टेनिस मात्र भिंतींच्या आतलं, जुन्या नियमांचं. ते नियम थोडे समजून घेतलेस तर टोमणे जास्त बोचतील.

मग मिडलटनचं ‘अ गेम ॲट चेस’ हे नाटक घे, त्यातली पात्रं म्हणजे बुद्धिबळाची मोहरी. ऑगस्ट १६२४ मध्ये लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात सलग ९ दिवस चाललं आणि स्पेनच्या राजदूताच्या तक्रारीवरून बंद पडलं. पांढरी बाजू इंग्लंड, काळी स्पेन. काळा घोडा म्हणजे आधीचा राजदूत गोंदोमार. बुद्धिबळ येणारे इथेच अडकतात, प्रत्येक प्रवेश पटावर मांडत बसतात. तू त्यातलं राजकारण बघ.

ॲस्कमचं तिरंदाजीवरचं ‘टॉक्सोफिलस’ (१५४५) नुसतं चाळलंस तरी चालेल. धनुष्याचा खेळ लढाईसाठीही कामाचा कसा, एवढा युक्तिवाद पकड. बाणांच्या पिसांची चर्चा मी स्वतः भराभर उलटतो.